पावसाळा सोडून तीन महिने

समुद्रकाठी तेलाच्या टाक्या बांधायच्या तर पर्यावरण मंजुरी लागते, हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं. त्या मंजुरीसाठी जो काही शे पानांचा अहवाल द्यावा लागतो तो लिहितं कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सरकार लिहीत नाही, विद्यापीठही लिहीत नाही. आमच्यासारख्या सल्लागार संस्था लिहितात, आणि त्यांचं बिल ज्याला टाक्या बांधायच्या आहेत तोच भागवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जनसुनावणीत पहिल्या पाच प्रश्नांत हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला चांगलं उत्तर नाही.

मी सागरी जीवशास्त्र शिकले. संस्थेत माझ्याकडे परिसंस्था आणि जैवविविधता हा विषय आहे. हवा, पाणी, आवाज, धोक्याचं विश्लेषण, समाजजीवन यांना वेगवेगळी माणसं असतात आणि सगळ्यांच्या वर एक समन्वयक. इथे सांगते आहे ते रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या तेलसाठ्याबद्दल. खाडीचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, करारात तसं बंधन आहे. रेवसपासून बाणकोटपर्यंतची कुठलीही खाडी डोळ्यांसमोर आणा, फारसा फरक पडणार नाही.

प्रकल्प असा. खाडीच्या तोंडाशी जेट्टी, तिथे लहान टँकर जहाजं लागणार. जेट्टीवरून पाइपलाइनने तेल खारबंधाऱ्याच्या आतल्या टाक्यांत यायचं, आणि तिथून टँकर-ट्रक भरून रस्त्याने पुढे जायचं. पेट्रोल, डिझेल आणि फर्नेस ऑइल. जागा सातबाऱ्यावर खारजमीन आणि प्रकल्पाच्या कागदात 'पडीक'. खारजमीन पडीक कशी होते ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे. बंधाऱ्याला खांड पडते, उधाणाचं पाणी शेतात शिरतं, एक-दोन हंगाम भात जातं, मग माणसं नाद सोडतात. पण शेतकऱ्याने सोडलेली जागा खाडी सोडत नाही. तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात, मारांडीची झुडपं माजतात, डबक्यांत कोळंबी आणि जिताडा वाढतो. 'पडीक' या जमिनीवर दोन वाड्यांची संध्याकाळची कालवणं निघत होती.

पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार अशा साठवणुकीला आधी अर्ज करायचा, मग राज्याची तज्ज्ञ समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते. तिला आमच्या धंद्यात सगळे टीओआर म्हणतात. प्रकल्पाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यातली हवा, पाणी, माती, जीवसृष्टी, माणसं यांची आजची स्थिती नोंदवायची. किती काळ? पावसाळा सोडून एक ऋतू, म्हणजे तीन महिने.

हा नियम कुठून आला असावा ते समजतं. पावसात हवेतली धूळ बसते, त्यामुळे हवेची मोजणी चांगली दिसते. ती फसवणूक टाळायची तर कोरडा ऋतू धरणं योग्यच. हवेसाठी. कोकणातल्या खाडीच्या पाण्याला मात्र हा नियम लावला की आपण नेमके तेच महिने सोडून देतो ज्या महिन्यांत सगळं पाणी हलतं. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने खाडीत फक्त भरती-ओहोटी चालते.

आमचे तीन महिने डिसेंबर ते फेब्रुवारी होते. हवेवाल्यांनी गावांच्या गच्च्यांवर यंत्रं बसवली, आठवड्यातून दोनदा चोवीस तासांचे नमुने. त्यांचं काम सरळ असतं, त्यात मी शिरत नाही. नकाशाचं काम मात्र सांगण्यासारखं आहे.

किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आम्ही काढत नाही. केंद्राने अधिकृत केलेल्या मोजक्या संस्थाच तो काढतात, चार हजारास एक या प्रमाणावर. त्यावर भरतीरेषा असते आणि सगळं त्या रेषेवरून मोजलं जातं. आता नियम असा की १९९१च्या आधीचा बंधारा किंवा उघाडी (बंधाऱ्यातलं पाणी सोडायचं फळ्यांचं दार) असेल तर भरतीरेषा त्या बंधाऱ्यावर थांबते. आमचा बंधारा कितीतरी जुना. त्यामुळे नकाशावर निळी रेषा बंधाऱ्याच्या पाठीवरून ऐटीत गेलेली, आणि सोडायचं ते अंतर सोडून त्यामागे टाक्यांचे गोल. बंधाऱ्याच्या आत खाऱ्या पाण्याने जी खारफुटी उगवली असेल ती मात्र संरक्षितच धरायची, हेही नियमात आहे. म्हणून नकाशावर जमिनीच्या मधोमध हिरवे ठिपके. नकाशा बघणाऱ्याला प्रश्न पडायला हवा की बंधाऱ्यावर समुद्र संपतो तर आत तिवर कशावर जगतात? समितीच्या बैठकीत हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारला नाही.

खाडीतलं काम होडीतून. नाखवा साठीच्या पुढचा, डोल जाळं लावणारा, आता मुलगा मुंबईला म्हणून मासेमारी कमी केलेला. आमच्याकडे छापील भरती-ओहोटीचं कोष्टक होतं, त्याच्याकडे तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. कोष्टकाशी त्याचं उत्तर पंधरा-वीस मिनिटांच्या आत जुळायचं. माझ्या मदतनीस मुलाने ते फोनमध्ये लिहून घेतलं आणि पुढे रोज नाखव्याची परीक्षा घ्यायचा. नाखवा कंटाळून म्हणाला, "कॅलेंडर बघ ना रं, मला काय विचारतस."

पाण्यातल्या तेलाचा नमुना काचेच्याच बाटलीत घ्यावा लागतो, गडद रंगाच्या, हेक्झेनने धुतलेल्या. प्लास्टिकच्या बाटलीत तेलाचे रेणू भिंतीलाच चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेत आकडा कमी येतो. बाटली बुडवतानाही पृष्ठभागावरचा तवंग टाळून खाली जाऊन उघडायची. होडीला इंजिन असेल तर ते बंद करून वाऱ्याच्या वरच्या बाजूला हात काढायचा, नाहीतर आपल्याच डिझेलचा अहवाल तयार होतो. गाळासाठी दोन जबड्यांचा लोखंडी ग्रॅब. वर आलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा, उरलेले किडे, शंख, शिंपले फॉर्मॅलिनमध्ये. पाणी आज इथे, उद्या तिथे. गाळ मात्र जागेवर राहतो आणि गेल्या कित्येक वर्षांचं सगळं धरून ठेवतो. मला दोन्हींतला एकच नमुना घेऊ दिला तर मी गाळ घेईन.

गाळात तेल सापडलं. ते सापडणारच होतं. पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी डांबराचे गोळे येतात, मासेमारी बोटींच्या तळाशी साचलेलं तेलकट बिल्ज पाणी असतं, वर नदीवरून येणारं काहीबाही असतं. २०१०च्या ऑगस्टमध्ये मुंबईबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा सांडलेलं तेल उरण-अलिबागच्या तिवरांपर्यंत पोचलं होतं. कंपनीच्या माणसाला हा आकडा बघून आनंद झाला: खाडी आधीच मळलेली आहे, म्हणजे उद्या काही निघालं तर ते आमचंच कशावरून? त्याच्या जागी मी असते तर मलाही झाला असता. म्हणून आम्ही नुसता एकूण तेलाचा आकडा न देता घटकांची तपासणीही करून घेतली. डिझेल, फर्नेस ऑइल आणि जुनं डांबर यांची घडण वेगवेगळी दिसते. आजची घडण नोंदलेली असली तर उद्याचं तेल ओळखता येतं. हा खर्च मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाला.

खरी माहिती मात्र ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायांकडून मिळाली. कालवं फोडायला कोयता, खुबे वेचायला टोपली, गुडघाभर चिखल. माझ्या यादीत निवट्या, चिंबोऱ्या, बोय, शिवल्या यांची शास्त्रीय नावं होती. त्यांच्याकडे त्या कुठे, कधी आणि किती हे होतं. कुठल्या कोंडीत पावसाळ्यानंतर बारीक कोळंबी थांबते, कुठल्या खडकावरची कालवं दोन वर्षांपूर्वी अचानक मेली. त्यातल्या एका आजीने माझं सगळं सामान नीट बघून घेतलं आणि विचारलं, पाऊस लागल्यावर येणार ना? मी म्हटलं, आमचं काम फेब्रुवारीत संपतं. ती म्हणाली, "मंग काय बघितलंस? पावसान ये. वलगण बघ."

वलगण म्हणजे पहिल्या पावसात खाडीतून, नाल्यातून, शेताच्या बांधांवरून वर चढणारे मासे. रायगडातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की अंडी घालायला मासे गोड्या पाण्याकडे चढतात आणि अख्खं गाव रात्री बॅटऱ्या घेऊन नाल्यात असतं. त्या बायांनी वलगणीची जी जागा दाखवली ती टाक्यांच्या आवाराला लागून जाणारा नाला होता. प्रकल्पाच्या आराखड्यात त्याच नाल्याला नाव होतं 'पावसाळी पाण्याचा विसर्ग मार्ग'.

इथून पुढे मला दुसऱ्या कशात रस राहिला नाही.

तेलसाठ्याच्या अहवालात सगळ्यांचं लक्ष मोठ्या अपघाताकडे असतं, आणि ते असायलाच हवं. धोक्याचं विश्लेषण करणारे आमचे सहकारी या बाबतीत चालतं-बोलतं कपाट आहेत. ११ डिसेंबर २००५, इंग्लंडमधलं बन्सफील्ड: टाकीतली पातळी दाखवणारा काटा अडकला, पेट्रोल वरून वाहू लागलं, वाफेचा ढग पेटला. आग विझवताना वापरलेलं पाणी आणि फोम टाक्यांभोवतीच्या भिंतींच्या सांध्यांतून झिरपून भूजलात गेला. २९ ऑक्टोबर २००९, जयपूरजवळचं सीतापुरा: पेट्रोलची गळती, वाफेचा ढग, स्फोट, कित्येक दिवस आग. ६ ऑक्टोबर २०१७, आपल्या मुंबई बंदरातलं जवाहर द्वीप: डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि काही दिवस घारापुरीच्या बाजूला धुराचा लोट दिसत राहिला. ही यादी सांगून झाली की ते नकाशावर वर्तुळं काढतात, एवढ्या अंतरात उष्णता इतकी, एवढ्या अंतरात स्फोटाचा दाब इतका.

त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली ती तोवर माझ्या डोक्यात आली नव्हती. पुरात भरलेली टाकी सुरक्षित, रिकामी धोक्याची. ३० मीटर व्यासाची टाकी पोलादाची असली तरी आकाराच्या मानाने हलकी असते, सव्वादोनशे टनांच्या आसपास. तिच्याभोवती फूट-दीड फूट पाणी साचलं आणि आत काही नसलं तर ती मोरीतल्या पाण्यावर रिकामं पातेलं उचललं जावं तशी उचलली जाते आणि तळाचे पाइप तुटतात. २००५ साली कॅटरिना वादळात अमेरिकेत लुईझियानामधल्या मेरो इथे अर्धवट भरलेली कच्च्या तेलाची टाकी पुरात सरकली, सुमारे २५ हजार पिंपं तेल बाहेर पडलं आणि १,८०० च्या आसपास घरांत शिरलं. त्याच वर्षी २६ जुलैला आपल्याकडे काय झालं ते वेगळं सांगायला नको. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ तर रायगडाच्या किनाऱ्यावरच चढलं. 'वादळाचा इशारा मिळताच टाक्यांत किमान पातळी राखणे' ही ओळ अहवालात आली ती या गप्पांतून.

पण मोठा अपघात चाळीस वर्षांत एकदा होईल किंवा होणारही नाही. पाऊस दर वर्षी येतो.

टाक्यांभोवती काँक्रीटच्या भिंतींचं आवार असतं, त्याला सगळे डाइक म्हणतात. सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तेल आतच राहावं म्हणून. आता जे आवार तेल बाहेर जाऊ देत नाही ते पावसाचं पाणीही जाऊ देत नाही. म्हणून भिंतीत एक निचऱ्याचा पाइप आणि त्यावर बाहेरून व्हॉल्व्ह. तो एरवी बंद ठेवायचा, पाणी साचलं की त्यावर तवंग नाही ना हे बघून, तेल वेगळं करणाऱ्या कुंडातून सोडायचं, परत बंद करायचा. कागदावर यात काही चूक नाही. कोकणात २०० मिलिमीटरचा दिवस घ्या. दोन हेक्टरच्या डाइकमध्ये त्या एका दिवसात ४० लाख लिटर पाणी. मध्यरात्री, पाऊस चालू असताना, पाळीवरचा माणूस छत्री घेऊन दर वेळी तवंग तपासेल, उघडेल, बंद करेल? मी तो माणूस असते तर व्हॉल्व्ह उघडून जूनमध्ये विसरले असते आणि दसऱ्याला बंद केला असता. जयपूरच्या चौकशीतही डाइकचा व्हॉल्व्ह उघडा होता आणि त्यातून पेट्रोल पावसाळी गटारात गेलं, हे नोंदलेलं आहे.

आणि समजा सगळं नियमाने झालं. सोडलेल्या पाण्यात तेल आणि ग्रीस किती चालतं? नदी-नाल्यात सोडायचं तर लिटरला १० मिलिग्रॅम, समुद्रकिनारी सोडायचं तर २०. आमचा नाला भरतीला खारा आणि जुलैमध्ये गोडा. त्याला कुठला आकडा लावायचा यावर आमच्या कचेरीत एक अख्खी दुपार गेली. १० धरला तरी त्या ४० लाख लिटरमध्ये ४० किलो तेल नियमाने सोडता येतं. एका दिवसात, वलगणीच्या नाल्यात. पहिल्या पावसात तर डाइकपेक्षा ट्रक भरायचं आवार वाईट: आठ महिने होज काढता-जोडताना ठिबकलेलं सगळं एकदम धुऊन जातं. मासे चढायची वेळ आणि हे पाणी उतरायची वेळ, एकच.

पाणी जातं कुठे हा पुढचा प्रश्न. संगणकावरच्या प्रवाहाच्या नकाशाने दाखवलं की विसर्ग ओहोटीबरोबर खाडीत, खाडीतून समुद्रात. त्या नकाशाचे चौकोन ५० मीटरचे होते आणि नाला सात-आठ मीटर रुंद, तो त्याला दिसतच नव्हता. नाखव्याला विचारलं तर तो म्हणाला, तूस टाकून बघा. उघाडी गळते का हे बघायला शेतकरी तेच करतात. गिरणीतून पोती भरून तूस आणलं आणि पौर्णिमेच्या उधाणाला, पाणी चढायला लागल्यावर, विसर्गाच्या ठरवलेल्या जागी सोडलं. तूस समुद्राकडे गेलं नाही. नाल्याने वर चढलं, उघाडीच्या कुजलेल्या फळ्यांमधून आत घुसलं आणि बंधाऱ्यामागच्या जिताड्याच्या तळ्यांत पसरलं. ओहोटीला त्यातलं थोडं परत आलं, बरंचसं तिवरांच्या वर आलेल्या मुळांना चिकटून राहिलं. तिवर या मुळांनी श्वास घेतात. त्यांच्यावरची बारीक छिद्रं तेलाने बुजली की झाड उभ्या उभ्या मरतं, आणि लगेच नाही, काही महिन्यांनी. तोवर कोणतं तेल कुणाचं हा वाद थंड झालेला असतो.

फोटो काढले, वेळा नोंदल्या, नकाशावर बाण काढले. कचेरीत समन्वयक सरांनी बघितलं आणि म्हणाले, "हे टीओआरमध्ये नाही." ते चुकीचं बोलत नव्हते. टीओआरमध्ये नसलेलं काही लिहिलं की कंपनी विचारते आमच्या पैशाने हे कशाला, आणि समिती विचारते मग बाकीच्यांनी का नाही केलं. सरांशी माझे मतभेद जुने आहेत; पण त्यांनी तुसाचं पान काढलं नाही, परिशिष्टात टाकलं. परिशिष्ट म्हणजे अहवालातलं माळ्यावरचं सामान.

कंपनीचा प्रकल्प अभियंता तमिळ गृहस्थ, हिंदी तोडकी. त्याच्यासमोर मी वलगण वगैरे काही काढलं नाही, फक्त ४० लाख लिटरचा हिशेब ठेवला. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग स्वतःच एन्नोरबद्दल बोलायला लागला. २०२३च्या डिसेंबरमध्ये चेन्नईला मिचाँग वादळाचा पूर आला तेव्हा पुराच्या पाण्याबरोबर तेल एन्नोरच्या खाडीत गेलं होतं, त्याचं घर त्या बाजूला. त्याला मासे आणि तिवर समजावून सांगावे लागले नाहीत. ट्रकच्या आवारावर छप्पर, पहिल्या पावसाचं पाणी धरून ठेवणारी वेगळी टाकी, डाइकचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर नियंत्रण कक्षात दिवा, आणि विसर्ग नाल्यात न करता जेट्टीच्या बाजूला, ओहोटीच्या वेळीच. यादी त्यानेच कागदावर लिहिली. शेवटच्या मुद्द्यासमोर त्याने पाइपची लांबी लिहिली, किंमत काढली आणि प्रश्नचिन्ह केलं.

मग निवडणूक आली. आचारसंहितेत जनसुनावणी पुढे गेली, ती पावसाळ्यापलीकडे. त्या अवधीत आम्ही पावसाळ्याचे नमुने घेतले. टीओआरमध्ये नव्हते, पण आकडे जुने झाले असा आक्षेप येऊ शकतो, हे कारण सरांना पटलं. हिवाळ्यात हजार भागांत तीसच्या वर असलेली खाडीची क्षारता ओहोटीला पाचच्या खाली होती. पाणी चहाच्या रंगाचं, ओहोटी भरतीच्या कितीतरी जास्त जोराची. हिवाळ्यात ज्या गाळातल्या किड्यांनी चाळणी भरत होती तो गाळच जागेवर नव्हता. खाडी तीच, तिचा अहवाल दुसराच.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी. तीस दिवस आधी पेपरात नोटीस. शाळेच्या मैदानात मांडव, पोलिसांची गाडी, पाण्याच्या बाटल्या. अहवाल इंग्रजीत, त्याचा सारांश तेवढा मराठीत, आणि सारांशात अर्थातच परिशिष्टं नव्हती. पहिला तास नोकऱ्यांचा: किती स्थानिक, कायम की कंत्राटी. दुसरा रस्त्याचा, कारण एवढे टँकर शाळेसमोरून जाणार. हे प्रश्न बिनमहत्त्वाचे आहेत असं शहरातल्या लोकांना वाटतं; मला वाटत नाही. मग मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष उठले. कुणी तरी आमच्याविषयी तो ठरलेला प्रश्न विचारला, मी ठरलेलं उत्तर दिलं. डिप्लोमा झालेल्या एका मुलाने विचारलं, नाल्याला १० लावणार की २०? मांडवात हे समजणारी पाच-सात माणसं असतील, पण कंपनीच्या टेबलावर एकदम शांतता झाली. अभियंत्याने माइक घेतला आणि हिंदीत म्हणाला, दहा. ते इतिवृत्तात गेलं. इतिवृत्त त्याच दिवशी मराठीत वाचून दाखवावं लागतं. सुनावणीच्या अध्यक्षांनी तो भाग दोनदा वाचायला लावला.

सुनावणी ज्या क्रमाने येते त्याचं मला नेहमी वाईट वाटतं. खाडीची जाण असलेली सगळी माणसं एका मांडवात येतात ती आमचा मसुदा लिहून झाल्यावर. हीच सभा टीओआरच्या आधी घेतली असती तर टीओआर वेगळा झाला असता.

राज्याच्या समितीपुढचं सादरीकरण थोडक्यात आटपलं. तिवरांतून जाणाऱ्या पाइपलाइनवर प्रश्न आले, त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते म्हणून. ७०० टनांपर्यंतच्या तेलगळतीचा बंदोबस्त स्वतःकडेच ठेवावा लागतो, त्याची सामग्री विचारली. ३३ टक्के हरित पट्टा दाखवा, म्हणाले. टाक्यांजवळ झाडं अग्निसुरक्षेला चालत नाहीत आणि खारजमिनीत वड-पिंपळ जगत नाहीत, त्यामुळे हा पट्टा कुठल्याही तेलसाठ्याच्या आराखड्यात कोपऱ्याकोपऱ्यात कोंबलेला असतो. तुसाचं पान मी स्लाइडवर घेतलं होतं. एका सदस्याने ते मागे घेऊन पुन्हा बघितलं आणि विचारलं, "हा प्रयोग पावसाळ्यात केला का?" केला होता. पावसाळ्याच्या उधाणालाही तूस तळ्यांतच गेलं होतं.

मंजुरी मिळाली, अटींसह. छप्पर, पहिल्या पावसाची टाकी, व्हॉल्व्हचा दिवा, पावसाळ्यात दर महिन्याला नाल्याची तपासणी, उघाडीची दुरुस्ती. विसर्ग जेट्टीकडे न्यायची अट 'शक्य असल्यास' या शब्दांसह आली आणि ते शक्य झालं नाही. टाक्या आता उभ्या आहेत. कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सगळ्यांना बघता येतो. मी बघते. आमचं काम मंजुरीबरोबर संपलं, त्याचे पैसे मिळत नाहीत, पण बघते. डिसेंबरच्या अहवालात नाल्याच्या तपासणीचा तक्ता आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे आकडे मर्यादेच्या बरेच आत. जून आणि जुलैच्या रकान्यांत लिहिलं आहे, 'विसर्ग नाही'.

तक्ता मी सुनावणीतल्या त्या मुलाला पाठवला. त्याने मच्छीमार संस्थेच्या नावाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. मागितलंय एवढंच: जून ते सप्टेंबरमधलं डाइकचा व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याचं रजिस्टर, आणि त्याच तारखांचा तालुक्याचा पाऊस.